गिळलेला घोट

१

गुरुबसप्पांनी अडतीस वर्षं रोज शंभर-सव्वाशे कप चहा तोंडात घेतला आणि त्यातला थेंबही पोटात जाऊ दिला नाही. नांदेडातल्या एका चहाच्या पेढीत ते चाखणारे होते. आसाम-बंगालकडून नमुन्यांच्या पुड्या यायच्या, ते टेबलावर ओळीनं कप मांडायचे, चमच्यानं सुर्रकन घोट ओढायचे, जिभेवर फिरवायचे आणि पायाशी ठेवलेल्या पितळी पिकदाणीत थुंकून टाकायचे. कुठल्या पोत्यात कुठलं पोतं मिसळायचं, ते त्या घोटावर ठरायचं. चाखायचं, थुंकायचं, गिळायचं मात्र नाही, कारण गिळणाऱ्याची जीभ दुपारपर्यंत कामातून जाते. घरी आल्यावर त्यांना चहाचं नावही नको असायचं. त्यांची बायको मल्लम्मा शेजारणींना हसून सांगायची, "आमच्या घरी चहाला तोटा न्हाई, पन पिणारं कुनी न्हाई."

ते हसणं तीन वर्षांपूर्वी बंद झालं. मल्लम्माला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि मग तिच्या डोक्यातून एकेक माणूस उठून चालतं झालं. आधी शेजारणी गेल्या, मग लेक तनुजा गेली, मग नवराही गेला. उरली फक्त अक्का, म्हणजे तिची थोरली बहीण, जी तेराव्या वर्षी देगलूरकडच्या गावी विहिरीत पडून वारली होती. रोज दुपारी चारच्या सुमाराला मल्लम्मा विचारायला लागायची, "अक्का आली का?" गुरुबसप्पा म्हणायचे, "येईल." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दिवे लागेपर्यंत वीस-पंचवीस वेळा तरी. त्याशिवाय कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, मऊ भात भरवायचा, ओलं झालेलं बदलायचं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. एक महिना करून बघावं म्हणजे कळतं.

तनुजा लातूरच्या एका दवाखान्यात डॉक्टर होती. दर रविवारी एसटीनं यायची आणि दर रविवारी म्हणायची, "अप्पा, अव्वाला मी घेऊन जाते." आणि गुरुबसप्पा दर वेळी म्हणायचे, "माझी बायको हाय. मी बगतो."

मे महिन्यातल्या एका दुपारी कपाटावरचा पावडरचा डबा काढताना कागदात गुंडाळलेलं एक गोल, चपटं पुडकं त्यांच्या डोक्यातच पडलं. ते काय आहे हे आठवायला त्यांना जरा वेळ लागला. तनुजा चीनमध्ये, कुनमिंगला डॉक्टरकी शिकत होती. २०१९ मध्ये शिकून परत येताना तिनं घरमालकिणीकडून बापासाठी चहा आणला होता. पानं वाफवून, दाबून केलेली वडी. वर्षानुवर्षं ठेवायची, आतल्या आत आंबत, मुरत जाते. वडीवरच्या कागदावर २००३ साल होतं. "लेकी, चहा म्हनून गोवरी आनलीस की," असं म्हणून गुरुबसप्पांनी ती कपाटावर टाकली होती. सहा वर्षं ती तिथंच पडून होती, मल्लम्माच्या खाटेच्या बरोबर वर.

मल्लम्मासाठी पेढी सोडल्यापासून तीन वर्षांत त्यांच्या जिभेवर चहा पडला नव्हता. हाताला चाळा लागला. त्यांनी दाभणानं एक टवका काढला, तनुजानं सोबत आणलेल्या झाकणाच्या वाटीत टाकला, उकळतं पाणी ओतलं. पहिलं पाणी फेकून द्यायचं असतं, तेवढं त्यांना तिनं सांगितलेलं आठवत होतं. दुसरं पाणी घेऊन ते खाटेजवळच्या खुर्चीत बसले आणि घोट ओढला.

थुंकायला पिकदाणी नव्हती. ती स्वयंपाकघरात, मोरीजवळ. खुर्चीतून उठलं की खुर्ची करकरते, आणि मल्लम्माचा आत्ताच डोळा लागला होता. ती उठली की अक्का सुरू होणार. म्हणून गुरुबसप्पांनी तो घोट गिळला.

२

चहा वास ओढतो हे चहाच्या धंद्यातल्या हमालालाही माहीत असतं. गोदामात चहाच्या थप्पीजवळ साबण ठेवत नाहीत, हिंग ठेवत नाहीत. जुन्या चहाची गोष्ट तर त्याच्या पुढची. तनुजाच्या घरमालकिणीनं बजावलं होतं म्हणे, की हा ज्या खोलीत राहतो ती खोली पितो, तेव्हा खोली बघून ठेवा.

म्हणून दुसऱ्या पाण्यात जुनं लाकूड आलं, तिसऱ्यात डांबरगोळ्या आल्या आणि चौथ्यात दुखण्याच्या खोलीतला बाम आला, तेव्हा गुरुबसप्पांना काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. जीभ अजून जागी होती. रंग काळसर तांबडा, घशाला मऊ, आणि पावसानं भिजून वाळलेल्या मातीसारखा एक गोडवा शेवटी रेंगाळायचा. माल उत्तम होता आणि आपण त्याला गोवरी म्हणालो याची त्यांना लाज वाटली.

पाचव्या पाण्यात शिकेकाई आली.

त्यांनी वाटी खाली ठेवली. घरात शिकेकाई येऊन वीस वर्षं झाली होती. मल्लम्माचे केस तर दुखण्यात कापून टाकलेले. त्यांनी कपाट उघडलं, लुगड्यांच्या घड्या हुंगल्या, खाटेखाली वाकून पाहिलं. कुठंच काही नव्हतं. पुन्हा बसले, पुन्हा घोट घेतला. शिकेकाई होतीच, पण तिच्या मागं पाणी तापवलेल्या तुराट्यांचा धूर होता, आणि त्याच्या मागं ओल्या केसांना ऊन लागल्यावर येतो तो वास. देगलूरला ते मुलगी बघायला गेले होते, तेव्हा माळवदावर केस वाळवत बसलेली एकोणीस वर्षांची मल्लम्मा त्यांना जिन्यातून आधीच दिसली होती. त्या दिवसाचा हा वास होता. दुसऱ्या कुठल्या दिवसाचा नव्हता.

आणि ही वडी घरात आली तेव्हा मल्लम्मा साठीला टेकली होती. एकोणिसाव्या वर्षाचं वडीला काय ठाऊक असणार? म्हातारपण, दुसरं काय, असं ते स्वतःला म्हणाले. जागरणं, ऊन, रिकामं पोट. पण अडतीस वर्षं ज्या जिभेच्या शब्दावर ट्रकच्या ट्रक माल मिसळला, तिला आज एकाएकी खोटं कसं म्हणायचं, हेही त्यांना कळेना. खाटेवर मल्लम्मा तोंड उघडं टाकून झोपली होती. गुरुबसप्पा रडले. रडता रडता सहावं पाणी ओतलं आणि तेही गिळलं.

३

साखराबाई सकाळी मल्लम्माचं अंग पुसायला यायची. बोलायला फटकळ, हाताला मऊ. दहा-बारा दिवसांनी ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"काका, कंचा साबन आनलाव?"

"तोच की. कामून?"

"मावशीच्या अंगाला वासच न्हाई. लुगडं तीन दिसांचं हाय, तरी दुकानातल्यावानी. उशीला तेलकटपना न्हाई. चांगलंच हाय म्हना," साखराबाई म्हणाली, पण चांगलं असल्याचं तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. "म्या पंधरा वर्षं झाली आजाऱ्यायचं करून राहिली. असं कुनाचं बगितलं न्हाई."

"घाम कमी येत असंल," गुरुबसप्पा म्हणाले.

"मे महिन्यात?"

ती गेल्यावर ते खोलीत गेले. कूलर गुरगुरत होता. रोज दारातूनच आंबूस, औषधी वास यायचा, त्याची इतकी सवय झाली होती की तो नाही हे आधी कळलंच नाही. फणी पाहिली, तिच्यात केस नव्हते. ते खाटेजवळ वाकले, बायकोच्या मानेजवळ नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. नाकात फक्त कूलरच्या वाळ्याचा वास आला. मल्लम्मा डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती.

त्या दुपारी चहा करायचा नाही असं त्यांनी ठरवलं. साडेतीनला त्यांनी पाणी ठेवलं.

४

त्या वेळेपर्यंत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती आणि तिच्याकडं ते काणाडोळा करत होते. कुठलाही चहा पाचव्या-सहाव्या पाण्याला फिका पडतो. फार जुना, फार चांगला असला तर दहाव्या, पंधराव्या. हा पडत नव्हता. तीन दिवस त्याच पानांवर पाणी ओतलं तरी रंग तोच. फक्त आतला दिवस बदलायचा. एकदा तनुजाच्या वेळच्या मल्लम्माच्या बाळंतपणातला डिंक आणि ओवा आला. एकदा हळद आली, हळदीखाली नवीन बांगड्यांच्या लाखेचा वास, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं लग्नाचा मांडव उभा राहिला. ते आता दुपारची वाट पाहत. सकाळपासूनची कामं कशीबशी उरकत. मल्लम्माला भरवताना त्यांचं लक्ष घड्याळाकडं असायचं, तिच्या तोंडाकडं नाही. खरं सांगायचं तर तिच्या तोंडाकडं नीट पाहून त्यांना आठवडा झाला असेल.

त्या दिवशीच्या घोटात ओल्या दगडाचा वास होता, शेवाळाचा आणि सुंभाचा. त्यात चिंच होती, मीठ लावून लपवून खाल्लेली. दोन पोरींच्या घामेजल्या हातांचा वास होता, एकमेकींत घट्ट धरलेल्या. मग एकच हात. मग पाणी, खोल पाणी, आणि तोंडात ते लोखंडासारखं झालं. हे गुरुबसप्पांच्या आठवणीतलं नव्हतंच. अक्का पडली तेव्हा मल्लम्मा विहिरीच्या पायरीवर होती, हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या संसारात एकदाही नाही.

घोट गिळून ते बसून राहिले. पाच वाजले, साडेपाच वाजले. खालून भाजीवाला ओरडत गेला. बसल्या बसल्या काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, आणि काय राहिलं ते त्यांना सहा वाजता कळलं. मल्लम्मानं आज अक्काला विचारलं नव्हतं.

ते उठून तिच्याजवळ गेले. "अक्का येईल बरं का," ते म्हणाले.

मल्लम्मानं त्यांच्याकडं पाहिलं. अक्का म्हणजे कोण, असं काहीही त्या नजरेत नव्हतं. विचारायलाही कुणीतरी आत असावं लागतं.

आता लाजेची गोष्ट सांगतो. गुरुबसप्पांना भीती वाटली, पण ती नंतर. आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी ते सात वाजताच आडवे झाले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सलग सकाळपर्यंत झोपले.

५

पेढीतला जुना सोबती अमृतराव मुखेडला राहायचा. बाजाराला नांदेडला आला की डोकावून जायचा. तोही चाखणारा, आणि जिभेनं गुरुबसप्पांपेक्षा काकणभर सरस, हे दोघांनाही माहीत होतं. गुरुबसप्पांनी काही न सांगता त्याच्यापुढं कप ठेवला, पायाशी पिकदाणी ठेवली. आपली जीभ खोटी ठरावी अशी त्यांची फार इच्छा होती.

अमृतरावानं सुर्रकन घोट ओढला. गालातून फिरवला आणि मधेच थांबला. मग वाकून थुंकला, तांब्यातलं पाणी घेऊन दोनदा चूळ भरली.

"किती सालाचा हाय?"

"बावीस-तेवीस वर्षं झाली."

"ठेवलावता कुटं?"

"हिच्या खोलीत."

अमृतरावानं तोंड पुसलं. मग उठला. "वैनीला भेटून येतो," असं म्हणून आत गेला आणि लगेच बाहेर आला. दारात थबकला, पुन्हा आत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"काय न्हाई. खोलीत कुनी न्हाई म्हनून माघारी फिरलो. मग दिसल्या. खाटंवरच होत्या." त्यानं चप्पल पायात सरकवली. मान खाली घालूनच म्हणाला, "गुरुबसप्पा, तू हे गिळून राहिलास का?"

"न्हाई रे. अडतीस वर्षांत गिळलो का कवा?"

"मग गिळू नको," अमृतराव म्हणाला. चहाच्या पैजेवर पेढीत दोघं तास तास भांडायचे. आज त्यानं कपाकडं वळूनही पाहिलं नाही.

६

त्यानंतर चार दिवस गुरुबसप्पांनी वडीला हात लावला नाही. हावेनं टवक्यावर टवका मोडून उरली होतीच कितीशी, बोटाच्या पेराएवढी. ती डब्यात घालून त्यांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं ठेवली. या चार दिवसांत त्यांनी मल्लम्माची फार सेवा केली. शिकेकाई आणून तिचे आखूड केस धुतले. चिंचेचं बुटूक तिच्या जिभेला लावलं. दुपारी चार वाजता स्वतःच विचारू लागले, "अक्का आली का गं? अक्का?"

मल्लम्मा गिळायची, डोळे मिटायची, उघडायची. धुतलेल्या केसांना तासाभरात कसलाच वास राहायचा नाही. तिला कुशीवर वळवताना आता कमरेला ताण पडत नव्हता. साखराबाईनं यायचं बंद केलं होतं. तिनं फोनवर सांगितलं, "काका, माझ्यानं व्हायचं न्हाई. पुसताना कुनाला पुसून राहिली तेच कळंना."

गेलेलं काही परत येत नव्हतं. आणि जे गेलं होतं ते सगळं कुठं होतं, हे गुरुबसप्पांना पक्कं ठाऊक होतं. अपराध्यासारखा चेहरा करून ते आपल्याच पोटावर हात फिरवायचे.

शनिवारी तनुजाचा फोन आला. "अप्पा, उद्या गाडी करून येते. ह्या वेळी मी ऐकणार नाही. अव्वाला घेऊन जाणार. तुम्ही पण चला."

"ये," गुरुबसप्पा म्हणाले. वाद घालायचं त्राण नव्हतं. मग त्यांच्या मनात आलं, की लेकीच्या हाती आईचं थोडं तरी द्यावं. उरलेला तुकडा मल्लम्मालाच पाजावा. जे तिचं आहे ते तिच्या पोटात जाऊ दे. चाखण्याच्या धंद्यात परत करणं कुणी ऐकलं नव्हतं, पण गिळणं तरी कुठं ऐकलं होतं?

७

रविवारी सकाळी दहा वाजता त्यांनी उरलेला तुकडा वाटीत टाकला. पहिलं पाणी फेकलं. दुसरं ओतलं, आणि या वेळी पहिल्यांदा तो फिका उतरला. एकच कप निघाला. त्यांनी पिकदाणी मुद्दाम खाटेजवळ आणून ठेवली होती. चव बघायची वेळ आलीच तर थुंकायचं, हे त्यांनी स्वतःला तीनदा बजावलं होतं.

मल्लम्माच्या मानेखाली हात घालून त्यांनी तिला उचललं. हातावर उशीचाच भार होता. चमचा ओठांना लावला. चहा आत गेला नाही, उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला. दुसरा चमचाही तसाच ओघळला.

"पी गं," ते म्हणाले. "तुझंच हाय. पी."

मल्लम्मानं मान बाजूला केली. मग डाव्या हातानं, तीन वर्षांत जो तिनं आपणहून हलवला नव्हता, खाटेवर ठेवलेला कप हळूच त्यांच्याकडं सरकवला.

"तुमीच घ्या," ती म्हणाली. स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात. "लई दमलाव."

गुरुबसप्पांनी तिची मान उशीवर टेकवली. तीन वर्षं त्यांनी याच शब्दांची वाट पाहिली होती. कुणीतरी एकदा तरी म्हणावं, की तुम्ही दमलात. त्यांनी कप तोंडाला लावला. बायकोनं घ्या म्हटलं म्हणून लावला, आणि दमले होते म्हणून लावला. सगळा चहा तोंडात घेतला आणि त्याच क्षणी भानावर येऊन तो तसाच धरून ठेवला.

तोंडात शिकेकाई नव्हती, हळद नव्हती. साधी पावडर होती, मऊ भात होता, औषध होतं. आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्याचा वास होता, घामट, बनियनचा. रोज तिला उचलणाऱ्या माणसाचा. हे गेल्या तीन वर्षांचं होतं. आणि त्या वासाभोवती जी ऊब होती, ती अनोळखी माणसासाठी नसते. मल्लम्मा त्यांना ओळखत होती. सगळा वेळ, प्रत्येक "येईल"च्या वेळी, ती त्यांना ओळखत होती.

खाली गाडी थांबली. जिन्यात पावलं वाजली. "अप्पा," म्हणत तनुजा आत आली, पर्स टाकली, थेट खाटेकडं गेली. सवयीनं आधी मनगट धरलं. घड्याळाकडं बघत नाडी मोजली आणि मान हलवली, म्हणजे नाडी ठीक होती. मग गळ्यावरचं पांघरूण जरा खाली करून ती चेहऱ्यावर वाकली.

गुरुबसप्पा खाटेकडं बघत नव्हते. त्यांच्यानं बघवलं नाही. ते लेकीच्या चेहऱ्याकडं बघत होते. तो आधी मायेचा होता, मग डॉक्टरचा झाला, मग त्यावर काहीच उरलं नाही. तिनं हातातलं मनगट हळूहळू सोडलं आणि एक पाऊल मागं आली.

"अप्पा," ती कुजबुजली, "ही कोण आहे?"

त्यांनी हात वर केला. थांब, असं. तोंड गच्च मिटलेलं होतं आणि गाल फुगलेले.

"अप्पा, अव्वा कुठंय? ही कोण आहे?"

उत्तर द्यायचं तर तोंड रिकामं करावं लागणार होतं. पायाशी पिकदाणी होती. हातात रिकामा कप होता, आणि त्यात परत सोडून अजून एक चमचा, अजून एक प्रयत्न करता आला असता. हे सगळं त्यांना दिसत होतं. पण घोट कोमट होत चालला होता, त्यात ती त्यांना ओळखत होती, आणि ते फार, फार दमले होते.

त्यांनी गिळला.